थोरली बाटली

सगळी प्लेट गुलाबी होती. हाजिननं फोनवर फोटो पाठवला होता, खाली एक अक्षर नव्हतं, आणि मी संस्थेच्या फाटकासमोर सिग्नल बदलायची वाट बघत उभी होते. तळहाताएवढी प्लेट, तिच्यात शहाण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात क्षयाचे जंतू, त्यांच्यावर कमी-जास्त प्रमाणात आमचं औषध, आणि दहा दिवसांनी वरून एक निळा रंग. जंतू मेलेले असले तर निळा निळाच राहतो. जिवंत असले तर त्यांच्या श्वासानं गुलाबी होतो. नऊ वर्षांत अशा प्लेटा मी शेकड्यांनी पाहिल्या. एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला गुलाबी, मध्ये कुठेतरी सीमा. ती सीमा एक घर पुढे सरकली की आम्ही सगळे मिळून जेवायला जायचो. आजच्या फोटोत सीमाच नव्हती. डोक्यावर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बुद्धजयंतीचे कमळकंदील टांगलेले, तेही गुलाबी, वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते. माणसं रस्ता ओलांडून गेली. मी उभीच. सिग्नल पुन्हा लाल झाला तेव्हा ध्यानात आलं की मी श्वास धरून ठेवलाय. लहानपणी आईच्या खोलीत शिरताना धरायचे तसा.

हाजिन आमच्या बंद प्रयोगशाळेत काम करते. दोन दारं, त्यांच्या मधल्या जागेत कपडे बदलायचे, तोंडावर मुखवटा, हातात दुहेरी मोजे. जंतू तिच्या ताब्यात असतात, औषधं माझ्या. एकटीत ती मला अन्नी म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. चारचौघांत आडनावानं, बे डॉक्टर. मी फोन केला तेव्हा ती नुकतीच बाहेर आलेली, गालांवर मुखवट्याचे वळ घेऊन बोलत असणार. "तीनदा लावली, अन्नी. रंग नवा घेतला, पाणी नवं घेतलं, जंतूसुद्धा नवे घेतले. नाही म्हणजे नाही. मेले मजेत आहेत तुझ्या पुडीत. बाळसं धरलंय." मी विचारलं, शेजारी थोरलीतली पूड लावली होतीस का? थोरली म्हणजे पहिल्यापासून जिच्यातली पूड आम्ही वापरत आलो ती मोठी बाटली. "लावली ना. ती निळीशार. नेहमीसारखी." मग तीच म्हणाली, "अन्नी, तू काही चुकली नाहीस ना?" फार हळू विचारलं तिनं. मला राग आला. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो. मी म्हटलं, बघते.

चुकायला मी केलं काय होतं? तीन वर्षं एकच काम. या औषधाचा रेणू जुन्या पद्धतीनं बनवायला अकरा पायऱ्या लागायच्या. त्यातल्या एका पायरीला असा महाग धातू लागे की त्याची डबी कपाटात कुलपात ठेवत. पुन्हा एकीला उणे सत्तरची थंडी. असं औषध कुणासाठी? क्षय ज्यांना होतो त्यांच्यासाठी नाही. मी ते चार पायऱ्यांवर आणलं. कापडाच्या रंगाच्या कारखान्यात पोत्यानं येतो असा कच्चा माल, साधं पाणी, साधा विस्तव. सहा महिन्यांच्या गोळ्या एका बऱ्यापैकी बुटांच्या जोडीच्या किमतीत. शेवटी जी पूड निघाली ती मी एकदा गाळली, दुसऱ्यांदा गाळली, आणि माझ्या समाधानासाठी तिसऱ्यांदा. तांदळाच्या पिठीसारखी पांढरी. थोरलीतली पूड जुन्या हस्तिदंतासारखी, किंचित पिवळी. आम्हाला वाटायचं तो त्या औषधाचाच रंग. माझी पांढरी निघाली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. हा अभिमान मी दुसऱ्या दिवशी सकाळी दंडवत घालताना कबूलसुद्धा केला होता.

रोज पहाटे एकशे आठ दंडवत, हा माझा नेम तेवीस वर्षांचा. या वर्षी त्यात शंभर दिवसांचं व्रत धरलं होतं, आणि ते निष्काम नव्हतं. मठातल्या भिक्षुणी सांगतात, मागू नकोस, नुसती वाक. मी मागत होते. लागू पडू दे आणि परवडू दे. शुक्रवारी बासष्टावा दिवस. गुडघे टेकले, कपाळ चटईला लावलं, उठले, मण्यांची माळ एक मणी पुढे. आणि एकेचाळिसाव्यापाशी, की एक्कावन्नाव्या, मला सगळे मणी गुलाबी दिसायला लागले. मोजणी चुकली. चुकली की एकपासून, हा माझाच नियम. एकपासून धरलं. पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळी मी चटईवरच बसून राहिले आणि खिडकीतून समोरच्या इमारतींचे नंबर वाचत बसले. एकशे पाच, एकशे सहा, एकशे सात. काय मागत होते मी इतके दिवस? आणि कुणापाशी?

ग्वाक साहेबांनी दुपारी बोलावलं. आमचे संचालक, माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतात. "सोमवारी राजधानीची समिती येतेय, बे डॉक्टर. प्रकल्प चालू ठेवायचा की नाही, ते तिथंच ठरणार. त्यांना थोरलीची प्लेट दाखवायची. नव्या पुडीची चाचणी चालू आहे म्हणायचं."

"चालू नाही, साहेब. झाली. तीनदा झाली."

"मग चौथ्यांदा लावा. म्हणजे चालू आहे." ते स्वतःच हसले. मी हसले नाही तसे टेबलावरचा जवाचा चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुमच्या बुद्धाला विचारा, सोमवारपर्यंत निळं करून देतो का. नाहीतर माझं ऐका. हे एकदा बंद झालं की दहा वर्षं या रोगावर कुणी दमडी लावणार नाही. ज्यांना तो होतो त्यांच्या खिशात काही नसतं. वजन उतरवायच्या औषधाला रांगा लागतात. तुमच्या खऱ्या बोलण्यानं एक तरी खोकला थांबणार आहे का, सांगा."

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, हाच त्रास. खोटं बोलणार नाही हे मी रोज पहाटे म्हणते, पाच व्रतांतलं चौथं. पण चौथ्यांदा प्लेट लावणं हे खोटं बोलणं आहे का? मी बाहेर आले आणि जिन्यात थांबले.  आईला क्षय झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरात भाजीचं मोठं भांडं मधोमध असायचं, सगळ्यांचे चमचे त्याच भांड्यात; फक्त आईच्या चमच्याच्या दांड्याला लाल दोरा, आणि ती भिंतीकडे तोंड करून वाटीत वेगळं जेवायची. औषध दीड वर्ष घ्यायचं होतं. मूठभर गोळ्या आणि एक कडू पूड, घेतली की ती परसात जाऊन ओकायची. तिसऱ्या महिन्यात खोकला गेला. गाल भरले. शेजारणी म्हणाल्या, बाई, काय रंग आलाय! आणि आईनं औषध सोडलं. कुणाला सांगितलं नाही. आरोग्यखात्याची बाई यायची, घेतेस ना, विचारायची. आई म्हणायची घेते. पुड्या ती परसातल्या रांजणांच्या रांगेत, जुन्या सोयाच्या रांजणामागच्या रिकाम्या रांजणात टाकायची. मला ठाऊक होतं. मी झाकण उचलून पाहिलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण ती मला पुन्हा मांडीवर घ्यायला लागली होती.

खोकला परत आला तेव्हा जुन्या औषधांना दाद देईना. दुसरी औषधं होती, पण ती ज्यांना मिळायची त्यांना मिळायची; वडील एकदा मोठ्या शहरात जाऊन आले आणि फक्त माझ्यासाठी संत्री घेऊन आले. आई गेली त्या आठवड्यात आत्या गावाहून आली आणि तिनं परस साफ करायला घेतलं. आमच्याकडे जुनी सोया, म्हणजे सोयाबीन मुरवून काढलेला काळा खारा रस, संपवत नाहीत. दर वसंतात नवी सोया निघाली की ती जुन्या रांजणात भर म्हणून घालतात, विरजणासारखी; रांजण कधी रिकामा होत नाही. आमचा आईच्या आजेसासूपासूनचा होता. आत्यानं तो कलंडवला. रोग्याच्या हातचं, म्हणाली. काळी दाट सोया गटारातून फाटकापर्यंत गेली, आणि त्या वासानं गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघत राहिली. वडील ओट्यावर बसलेले. 

शनिवारी मी योम सरांकडे गेले. हा प्रकल्प त्यांनी सुरू केलेला. मला रसायनशास्त्र त्यांनी शिकवलं. आता वय चौऱ्याऐंशी, बायको गेल्यापासून गावाबाहेर एकटेच राहतात. का गेले, हे मी स्वतःला सांगितलं नव्हतं. थोरलीतली पूड नेमकी कोणत्या साली बनली, एवढंच विचारायचं, असं बसमध्ये घोकत होते. सर परसात होते, बाह्या वर, कोपरापर्यंत काळे हात. मिठाच्या पाण्यात दोन महिने भिजलेल्या सोयाबीनच्या विटा बाहेर काढायचा दिवस. "आलीस? वेळेवर आलीस. ती परात धर. आणखी बुटकी झालीस की काय तू?"

"वाकून वाकून, सर."

"अजून घालतेस दंडवत? इतक्या वर्षांत बुद्धाला तुझी टाळू पाठ झाली असेल." मी परात धरली. विटा फुटून हाताला गार, बुळबुळीत लागत होत्या. खाली राहिलेलं पातळ तपकिरी पाणी त्यांनी फडक्यातून गाळलं, डोंगा भरला, आणि भिंतीकडेच्या बुटक्या रांजणाचं झाकण काढून आत ओतला. आत काळं, जवळजवळ घट्ट. वास वर आला, आणि माझे हात परातीतच थांबले.

मी विचारलं. आवाज इतका खाली होता की त्यांनी डोंगा बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. सर, थोरल्या बाटलीतसुद्धा तुम्ही अशीच भर घालायचा?

"मग? नवी पूड निघाली की थोरलीत. युद्धानंतरची पोरं आम्ही, बाटली रिकामी बघवत नाही. पहिल्या घाण्यातली पूड तळाशी आहे बघ अजून. आणि मी एकटा कशाला, तूही घातलीस की. दोनदा. पहिल्या वर्षी दोन्ही हातांनी धरून घातलीस, मी म्हटलं, हं, आता घरची झालीस."

घातली होती. मला ठाऊक होतं. गुरुवारी सिग्नलपाशीच ठाऊक होतं, बहुधा त्याआधीही. दोन्ही वेळा घालताना मला किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं. कुणीतरी कलंडवलेला रांजण मी पुन्हा उभा करते आहे, असं काहीसं. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की दोन घाणे कधी मिसळू नयेत, प्रत्येकाची बाटली वेगळी, तारीख वेगळी. ते मला पाठ होतं. तरी घातली. आणि नऊ वर्षं आमची प्रत्येक प्लेट, प्रत्येक उंदीर, प्रत्येक छापलेला निबंध त्या एका बाटलीवर उभा. पिवळी झाक औषधाची नव्हतीच. जुन्या पुडीत हवेनं, दमटपणानं काहीतरी बदललं होतं, शंभरात एखादा भाग, आणि जंतू मारत होता तो. तपासणीच्या आलेखात तळाशी बारीक उंचवटे दिसायचे. आम्ही त्यांना धूळ म्हणायचो. मी तीनदा गाळून काढली ती हीच धूळ. मला सरांवर ओरडायचं होतं. त्यांनी हाताच्या पाठीनं नाक पुसलं, नाकाला काळा डाग लागला, आणि म्हणाले, "चेहरा का उतरला तुझा? चव बिघडली का?" मी म्हटलं, नाही सर. जाताना त्यांनी लहान बाटलीत जुनी सोया भरून दिली, वर घट्ट फडकं बांधून.

रविवारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. थोरलीत तीस-पस्तीस मिलिग्रॅम पूड उरली होती, चिमूटभर. ती तशीच ठेवली तर सोमवारनंतर साहेब तिच्यावर आणखी एक निळी प्लेट मिळवतील. आत काय आहे ते शोधायचं तर ती सगळीच्या सगळी वापरावी लागेल. अर्धी घेतली तर तो शंभरातला एक भाग दिसणारसुद्धा नाही. बाटली माझ्या ताब्यात असते, मला कुणाची सही लागत नाही. मी तिच्याकडे बघत किती वेळ बसले कुणास ठाऊक. चिठ्ठीवर सरांचं अक्षर, शाई उडालेली. मग पूड द्रावणात घेतली, बाटली दोनदा विसळली, विसळलेलंही त्यातच घातलं, आणि काचेच्या उभ्या नळीतल्या पांढऱ्या वाळूवर ओतलं. वरून द्रावण सोडत गेले. थेंब थेंब. रांजण कलंडवताना आत्याचे हात कसे होते ते मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत होते. जांभळ्या दिव्याखाली तीन पट्टे दिसले. एक ठळक, आमचा ओळखीचा. वर एक फिका. आणि खाली, नळीला जवळजवळ चिकटून बसलेला, आणखी एक, डोळे बारीक केले तरच दिसणारा. तिन्ही वेगळ्या कुप्यांत धरले. तिसऱ्या कुपीत सुकल्यावर काचेवर नुसती वाफ धरल्यासारखं काहीतरी होतं.

सोमवारी समितीसमोर ग्वाक साहेबांनी थोरलीची प्लेट पडद्यावर लावली, निळीशार, आणि माझ्याकडे हात केला. मी उठले. म्हटलं, ही प्लेट ज्या पुडीची आहे ती एक पूड नाही. कितीतरी घाणे तिच्यात एकत्र आहेत. त्यातले दोन मी स्वतः मिसळले. स्वच्छ औषध जंतू मारत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, मोठ्यानं बोला. मी तेच पुन्हा, तेवढ्याच आवाजात म्हटलं. सरांचं नाव घेतलं नाही. ते खोटं होतं की नाही, याचा हिशेब अजून लागलेला नाही. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, मग मूळ नमुना आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासतो. मी म्हटलं, नमुना उरलेला नाही. काल मी तो वापरला.

बाहेर साहेबांनी मला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "सगळी? एक कणसुद्धा ठेवला नाहीत? तुम्ही माणूस आहात की झाडू?" मग भिंतीला टेकून, "माझा धाकटा भाऊ यानंच गेला हो. तुम्हाला काय वाटलं, मी हे खुर्चीसाठी ओढत होतो?" मला हे ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं एका मजल्यावर काम करून ठाऊक नव्हतं. मी वाकून नमस्कार केला, खूप खाली, आणि ते निघून गेले तरी वर उठले नाही.

प्रकल्प महिनाअखेरीस बंद झाला. मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, वजन उतरवायच्या औषधावर. त्याआधीच हाजिननं त्या तीन कुप्या कुणाला न विचारता आत नेल्या होत्या. दहा दिवस मी तिला काही विचारलं नाही. अकराव्या दिवशी ती प्लेटचा फोटो घेऊन स्वतःच वर आली, केस मुखवट्याच्या पट्टीनं चपटे झालेले. पहिली ओळ गुलाबी. दुसरी गुलाबी. तिसऱ्या ओळीत सहा खळगे भरतील एवढंच द्रव्य होतं, आणि ते सहाही निळे.

"निळे, अन्नी," ती म्हणाली.  "शेवटच्या खळग्यात तर काही नसल्यात जमा होतं, तरी निळा. कुपीत उरलंय का काही? काय आहे ते कळायला?"

"नाही."

"काहीच नाही?"

"सहा खळग्यांत गेलं सगळं."

"मग आता काय करायचं गं?" आणि ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. माझ्या हातांना काहीतरी फोडावंसं वाटत होतं. टेबलावरची परीक्षानळी मी उचलली आणि पुन्हा ठेवली. आहे. कुठेतरी आहे. मिठाच्या कणाएवढं आमच्या हातात होतं, नऊ वर्षं होतं, आणि आम्ही ते धूळ म्हणून पुसत आलो; आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पुसायलाही शिल्लक नाही.

त्या रात्री मी झोपले. झोप लागली, याचंच नवल. पहाटे व्रताचा पंचाहत्तरावा दिवस. पंचाहत्तर की एक, ते ठरवलं नाही; दंडवत घातले, काही मागितलं नाही, म्हणजे मागायला काय आहे तेच सुचलं नाही. मग कामावर गेले आणि माझी ती पांढरीशुभ्र, नापास झालेली पूड बाहेर काढली. ती भरपूर होती, ती कुणालाच नको होती. बारा लहान कुप्यांत वाटली. एकीत पाण्याचा थेंब, एकीत दोन थेंब, एकीत थोडं आम्ल, एक कोरडी, एकीभोवती काळा कागद, एकीत गंजलेला खिळा. बाराही तिसऱ्या मजल्याच्या दक्षिणेकडच्या खिडकीत मांडल्या. प्रत्येकीला वेगळा नंबर, वेगळी तारीख, माझी सही. जे नऊ वर्षांत आपोआप झालं ते मुद्दाम करून बघायचं. नऊ वर्षांत होईल, नऊ आठवड्यांत होईल, होणारच नाही. तिसऱ्या मजल्यावरची तरुण मंडळी विचारतात, बे डॉक्टर, लोणचं घातलंय का? मी म्हणते, हो.

आई सकाळी ऊन आलं की रांजणांची झाकणं काढायची आणि दिवस कलला की लावायची. पावसाचा वास आला तर धावत. ताप असला तरी. मी आठ वाजता बारा झाकणं उघडते, ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं की लावते. काल संध्याकाळी सात नंबरची मला किंचित पिवळी वाटली. हाजिनला बोलावलं. तिनं ती उजेडात धरली, मान तिरकी केली, परत ठेवली. "भिंतीचा रंग दिसतोय काचेत, अन्नी." असेल. मी झाकण लावलं आणि वहीत लिहिलं: दिवस सोळावा, कुपी सात, रंग पिवळसर, खात्री नाही.